खोट्याचें समाधान

हॉलंडचा चित्रकार व्हान मेगेरेन याची हकीकत आम्ही सांगतों. टीकाकारांनीं आपली कदर केली नाहीं, हा त्याचा राग. सतराव्या शतकांतील व्हरमेरच्या नांवावर त्यानें चित्रें काढलीं, भट्टींत भाजून जुनीं भासविलीं. १९३७ सालीं मोठे पंडित फसले. पंडितांचें अज्ञान उघडें पाडणें हाच आपला हेतु, असें तो पुढें म्हणाला. मग लाखों गिल्डर घेऊन आठ वर्षें गप्प कां? नाझी गोअरिंगला देशाचा ठेवा विकल्याचा आळ १९४५ सालीं आला, तेव्हां तोंड उघडलें!

खोटा अंगठा उठविणाराहि हेंच म्हणतो: त्यानें मला नाडलें, मी त्याला नाडलें. अन्याय खरा असेल. अंगठा मात्र खोटाच. अन्यायाशीं उजेडांत भांडा. लपवावा लागतो तो न्याय नव्हे, धंदा होय.