गाडीच्या नाकावरची खुर्ची

आमच्या कोकणातल्या मुसलमान वस्त्यांमधून शंभरेक वर्षांपूर्वी बरीच माणसं बोटीनं केपटाऊनला गेली आणि तिथलीच होऊन राहिली. माझ्या आईचे एक मामू त्यांतलेच. त्यांच्या पणतूनं 2018 च्या जूनमध्ये आम्हा नवराबायकोला तिकडे बोलावलं आणि "चाचा, एवढे आलात तर जंगल बघूनच जा," म्हणत साबी सँडमधल्या एका लॉजवर दोन रात्रींसाठी नेलं. साबी सँड म्हणजे क्रूगर नॅशनल पार्कला पश्चिमेकडून चिकटून असलेलं खाजगी अभयारण्य. दोहोंमधलं कुंपण 1993 साली काढलं, तेव्हापासून जनावरं मोकळी ये-जा करतात. खर्च अर्थात पोराचा. कवीच्या खिशाला झेपणारी ती जागा नव्हे.

तिथे पाहुण्यांना फिरवायला दोन माणसं असतात, एक रेंजर आणि एक ट्रॅकर. टप नसलेली लँड रोव्हर रेंजर चालवतो. बंदूक त्याच्यापुढे, आणि बोलायचं कामही त्याचंच. आणि गाडीच्या अगदी नाकावर, डाव्या अंगाला, एक खुर्ची ठोकलेली असते. तिच्यावर ट्रॅकर. त्याच्यापुढे ना काच, ना बाजूला दार. सिंह किंवा बिबट्या जवळ आला की तो उठून आत आमच्यात येऊन बसायचा, आणि तेवढ्यानंच आमच्या पोटात गोळा यायचा.

आमचा रेंजर पंचविशीतला, विद्यापीठातून प्राणिशास्त्र शिकून आलेला, गोड स्वभावाचा. ट्रॅकर माझ्याच वयाचा, जवळच्या त्सोंगा वस्तीतला. त्या लोकांना तिकडे शांगानही म्हणतात. दोघांची नावं मी इथे घेत नाही. त्यांना विचारलेलं नाही.

पहाटे साडेपाचला दारावर टकटक व्हायची. बाकीचे पाहुणे कुरकुरत उठायचे, मी फजरची नमाज उरकून तयारच असायचो. जून म्हणजे तिकडचा हिवाळा. मांडीवर घोंगड्या, पोटाशी गरम पाण्याच्या पिशव्या, आणि समोर त्या खुर्चीवर त्या गृहस्थाची वाऱ्यात ताठ बसलेली पाठ. दोन दिवस मी मुख्यतः ती पाठच पाहिली.

दुसऱ्या सकाळी त्यानं हात वर केला. गाडी थांबली. वाळूत एक पाऊल होतं. बिबट्याच्या तळव्याला मागच्या कडेस तीन गोलवे असतात आणि नखं उमटत नाहीत, तरसाची उमटतात. एवढं रेंजरनं सांगितलं. पण खरी गंमत पुढेच होती. ते पाऊल आमच्या गाडीच्या आदल्या रात्रीच्या चाकोरीवर पडलेलं होतं. म्हणजे आम्ही परतल्यानंतरचं. रात्री वाळूवरून किडे सरपटतात, त्यांच्या बारीक रेघा पडतात. त्या आजूबाजूला होत्या, पावलाच्या आत एकही नव्हती. म्हणजे पहाटेचं. दोघं उतरून चालत झुडपांत गेले. आम्ही अर्धा तास गाडीत गप्प. परत आल्यावर त्यानं डावीकडे बोट केलं. थोडं पुढे गेल्यावर इम्पाला हरणांचं फुरफुरणं ऐकू आलं, आणि मारुलाच्या झाडावर, बेचक्यात अडकवलेल्या शिकारीशेजारी, बिबट्या. त्सोंगा भाषेत 'यिंग्वे'.

जेवताना पाहुण्यांच्या गप्पा ऐकण्यासारख्या असतात. "आमचा रेंजर काय हुशार!" आणि मग, "ट्रॅकरची नजर काय तीक्ष्ण!" म्हणजे एकाला बुद्धी, दुसऱ्याला डोळे. दुर्बिणीची तारीफ करावी तशी. त्या किड्यांच्या रेघांचा हिशेब नजरेचा होता की डोक्याचा? लुई लिबेनबर्ग या दक्षिण आफ्रिकी अभ्यासकानं 1990 साली 'द आर्ट ऑफ ट्रॅकिंग' या पुस्तकात हेच मांडलं, की माग काढणं म्हणजे तर्क करणं आणि तो पडताळून पाहणं. विज्ञानाचं मूळ इथेच असू शकेल. मला ते पटतं. आमचे आजोबा तांडेल होते. पाण्याचा रंग पाहून ते खालची वाळू की खडक ते सांगायचे, आणि लोक म्हणायचे, म्हाताऱ्याची नजर चांगली.

या जंगलाची कथाही साधी नाही. 1926 साली क्रूगर पार्क झालं. वर्णभेदाच्या काळात या भागातल्या काळ्या लोकांना शेजारच्या गाझांकुलूसारख्या राखीव मुलखात कोंबलं गेलं. याच पट्ट्यातल्या मालामाला अभयारण्याची जमीन 2013 साली तिथल्या मूळच्या समाजाला परत मिळाली, तीही सरकारनं मालकांना एक अब्ज रँडच्या आसपास मोजल्यावर.

त्या संध्याकाळची गोष्ट सांगतो. सूर्य मावळताना गाडी मोकळ्या जागी थांबवून पाहुण्यांना पेयं द्यायची तिथे रीत आहे. मला मगरिब अदा करायची होती. तिथून किबला आपल्यासारखा पश्चिमेला नाही, उत्तरेला, किंचित पूर्वेकडे. मी उत्तर कुठली विचारलं. रेंजर खिशातला फोन काढेपर्यंत ट्रॅकरनं हात केला होता. मग टॉर्च घेऊन तो आसपासच्या झुडपांभोवती एक फेरी मारून आला आणि माझ्याकडे पाठ करून, अंधाराकडे तोंड करून उभा राहिला. माझी नमाज संपेपर्यंत. मी 'इन्कोमु' म्हणालो, म्हणजे आभार. तेवढा एकच शब्द मी शिकलो होतो.

त्या रात्री मनात कविता जुळू लागली होती. अक्षर न येणारा माणूस, आणि त्याला वाचता येणारी माती. प्रतिमा मला फारच आवडली होती.

सकाळी निघताना अभिप्रायाची वही पुढे आली. मी मागची पानं चाळली. पानोपानी रेंजरांची नावं, त्यांच्यापुढे उद्गारचिन्हं. ट्रॅकर बहुतेक ठिकाणी 'आणि आमचा ट्रॅकर'. बक्षिसीची पाकिटंही दोन. आमचं त्याच्यासाठीचं पातळ होतं, तशीच पद्धत आहे म्हणे. मला चिडावंसं वाटलं, आणि मग लक्षात आलं की पहिल्या दिवशी ओळख करून देताना रेंजरनं त्याचं नाव सांगितलं होतं. मी ते ऐकून सोडून दिलं होतं. माझ्यासाठी अंधारात पहारा दिलेल्या माणसाचं नाव मला ठाऊक नव्हतं.

तो सामान चढवत होता. मी जाऊन नाव विचारलं. त्यानं सांगितलं. मी वहीत आधी त्याचं नाव लिहिलं, मग रेंजरचं, आणि जरा कौतुकानं त्याला पान दाखवलं. इथे तुझं नाव आहे, अशी बोटानं खूण केली.

त्यानं पान वाचलं. सगळं वाचलं, सावकाश. मग माझ्या हातातलं पेन घेतलं, आपल्या नावात राहिलेला एक 'एच' मधे घातला, पेन परत दिलं आणि आमची बॅग उचलली.