बटुमीचा शेवटचा डाव
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बुद्धिबळावर बोलायला सांगितलं आणि एक अट घातली, की ज्याला घोडा कसा चालतो एवढंच आठवतं त्यालाही कळलं पाहिजे. म्हणून मी एकच डाव घेतो. तोही आपल्या विदर्भातल्या मुलीचा.

२८ जुलै २०२५, श्रावणातला पहिला सोमवार. जॉर्जियातल्या बटुमी शहरात महिला विश्वचषकाची अंतिम लढत होती. एका बाजूला आंध्रची कोनेरू हम्पी, वय ३८. दुसऱ्या बाजूला नागपूरची दिव्या देशमुख, वय १९. दिव्याचा जन्म डिसेंबर २००५ चा आणि हम्पी ग्रँडमास्टर झाली २००२ साली. म्हणजे समोर बसलेल्या मुलीच्या जन्माआधीच हम्पीला तो किताब मिळालेला होता. दिव्या जिंकली, आईच्या गळ्यात पडून रडली, आणि तो फोटो आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर आला. डाव मात्र फार थोड्यांनी पाहिला.

आपल्या ग्रुपवर त्या रात्री दोन प्रकारचे मेसेज होते. एक, "पोरगी आपली हाय!" दुसरा जरा जाणकारीचा आव आणणारा, "हम्पीनं चूक केली म्हणून हे झालं." पहिल्याशी माझं भांडण नाही. दुसऱ्याबद्दल मात्र आज बोलायचं आहे, कारण ते वाक्य खरं असूनही त्यातून डाव कळत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. २६ आणि २७ जुलैला दोघींत सावकाशीचे, म्हणजे क्लासिकल प्रकारचे दोन डाव झाले. दोन्ही बरोबरीत सुटले. पहिल्यात दिव्याला चांगली संधी होती, ती हुकली. दुसऱ्यात हम्पीनं प्यादं देऊन दबाव आणला, पण दिव्या टिकली. मग तिसऱ्या दिवशी जलद डावांचा टायब्रेक. आता बघा, जलद प्रकारात हम्पी दोनदा जगज्जेती, २०१९ आणि २०२४ साली. कागदावर हे तिचं अंगण होतं. टायब्रेकचा पहिला डाव ८१ चालींनंतर बरोबरीत संपला. उरला दुसरा. त्यात पांढरी मोहरी हम्पीकडे.

इथे घड्याळाचं गणित सांगतो, कारण या डावातली तिसरी खेळाडू तेच आहे. प्रत्येकीला सुरुवातीला १५ मिनिटं, आणि प्रत्येक चालीला १० सेकंद जादा. डाव ७५ चाली चालला. म्हणजे जादा मिळालेले ७५० सेकंद, साडेबारा मिनिटं. एकीला एकूण साडेसत्तावीस मिनिटं. सरासरी काढली तर एका चालीला बावीस सेकंद. पण सरासरीनं कोणी खेळत नाही. अवघड जागी दोन-तीन मिनिटं जातात, आणि मग पुढचा सगळा डाव त्या दहा-दहा सेकंदांवर, रोजमजुरीवर जगावा तसा खेळावा लागतो. क्लासिकल डावात ४० चाली झाल्या की आणखी ३० मिनिटं मिळतात. खेळाडू चाळिसाव्या चालीची वाट पाहतात, तिथे श्वास घ्यायला जागा असते. जलद डावात चाळिसावी चाल ही एकोणचाळिसाव्यासारखीच, काही मिळत नाही.

हम्पीनं कॅटलन पद्धतीनं सुरुवात केली. त्यात पांढरा आपला राजाच्या बाजूचा उंट जी-२ या घरात ठेवतो आणि तिथून पटाच्या तिरक्या रेषेवर लांबून नजर ठेवतो. हल्लाबोल नाही, सावकाश आवळत नेणं. अनुभवी माणसाला आवडणारी मांडणी. बराच वेळ डाव समतोल राहिला. मोहरी कमी होत गेली, कोणी काही गमावलं नाही, पण वेळ दोघींचा गेला, हम्पीचा जास्त.

आणि चाळिसाव्या चालीच्या सुमाराला हम्पीनं ई-रांगेतलं प्यादं ई-४ वर ढकललं. प्यादं देऊन डाव मोकळा करण्याची ही चाल. यंत्राच्या हिशेबानं चूक. पण ती का केली असेल? बंद, घट्ट स्थितीत नुसतं थांबून राहायचं म्हटलं तर प्रत्येक चालीला विचार करावा लागतो, की हत्ती इथे ठेवू की तिथे, राजा हलवू की नको. दहा सेकंदांत ते दर वेळी जमत नाही. त्यापेक्षा पट मोकळा केला तर चाली आपोआप सुचतात. माझ्या मते हम्पीनं प्यादं देऊन वेळ विकत घ्यायचा प्रयत्न केला. सौदा महागात पडला. पण तशी वेळ तिच्यावर आणली कोणी? चाळीस चाली समोर बसून एकही सोपी चाल न देणाऱ्या दिव्यानं.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि तो दिव्याच्या कौतुकाचा नाही. जिंकत आलेला डाव तिच्याही हातून निसटला. प्याद्यांची आघाडी होती, पण पन्नाशीनंतर तिनं अशी मारामारी केली की हम्पीला पुन्हा बरोबरीची वाट दिसू लागली. दिव्यानं नंतर स्वतःच सांगितलं, की डावाचा शेवट कसा खेळायचा हे मला अजून शिकायचं आहे. विश्वचषक हातात असताना हे म्हणणं मला त्या फोटोपेक्षा मोठं वाटतं.

घरी बसून बघणाऱ्यांच्या पडद्यावर एका बाजूला उभी पट्टी असते. यंत्र दर क्षणाला सांगत असतं, आता पांढरा बरा, आता काळा बरा. ती पट्टी त्या तासाभरात वर-खाली नाचत होती आणि आपण सोफ्यावरून "अरेरे, हे काय केलं" म्हणत होतो. पटासमोरच्या दोघींना ती पट्टी दिसत नसते. आपण जिंकतोय की हरतोय हेही त्यांना स्वतःच ठरवावं लागतं, तेही बावीस सेकंदांत.

सत्तरीच्या जवळ हम्पीची शेवटची चूक झाली. त्याआधीच्या दोन-तीन चाली बरोबर खेळल्या असत्या तर बहुधा बरोबरी होती, आणि मग आणखी जलद, दहा-दहा मिनिटांचे डाव झाले असते. ७५ व्या चालीनंतर हम्पीनं डाव सोडला. अडीच विरुद्ध दीड.

ग्रँडमास्टर होण्यासाठी एरवी तीन नॉर्म आणि २५०० चं मानांकन लागतं. दिव्याकडे स्पर्धेआधी एकही नॉर्म नव्हता. विश्वचषक जिंकला की किताब थेट मिळतो, म्हणून ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, आणि हम्पी, हरिका, वैशाली यांच्यानंतर चौथी महिला.

माझ्यासारख्या काहींनी आजोबांकडून देशी बुद्धिबळ शिकलं असेल. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचं, आणि राजाला एकदा घोड्याची उडी मारता यायची. डाव संध्याकाळी सुरू व्हायचा, जेवणं व्हायची, पुन्हा बसायचे. घड्याळ नव्हतं. त्या बैठकीत वाढलेल्या माणसाला बटुमीचा डाव पोरखेळ वाटेल, इतक्या चुका त्यात आहेत. पण थकलेल्या, तिसऱ्या दिवशी खेळणाऱ्या, दहा सेकंदांवर आलेल्या दोन मोठ्या खेळाडूंच्या त्या चुका आहेत, आणि प्रत्येक चुकीनंतर दुसरीनं तिचा फायदा घेण्यासाठी काय केलं हे चालीगणिक पाहता येतं. निर्दोष डावात हे दिसत नाही.

मागच्या टेबलावर मी पट मांडून ठेवला आहे, ई-४ च्या आधीची स्थिती लावून. चहाच्या वेळी या. पांढऱ्याकडून खेळा आणि प्यादं न देता दहा चाली काढून दाखवा. काळ्याकडून मी बसतो, घड्याळ माझ्या मोबाईलवर आहे.