बिननावाचं बटण

(मंडळाच्या जून महिन्याच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



किती मंडळी आली आहेत ते मला दिसत नाही, पण खुर्च्या सरकल्याच्या आवाजावरून पन्नास-साठ असावीत. आत चहा उकळतोय, तेही कळतंय. तेव्हा फार लांबण लावणार नाही.

माझी ओळख करून देताना सचिव म्हणाले, "हे अंध असूनही मोबाइल वापरतात." हे खरं आहे, पण त्यात कौतुक कमी आणि वैताग जास्त आहे. आज त्या वैतागाबद्दलच बोलायचं आहे.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि तेविसाव्या वर्षी खात्यात उपयंत्री म्हणून लागलो. लेव्हल लावायची, स्टाफवरचं रीडिंग घ्यायचं, मेजरमेंट बुक भरायची, हे काम. तिशी ओलांडल्यावर संध्याकाळच्या साइटवर ठेचा लागायला लागल्या. दिवसा सगळं स्वच्छ, अंधार पडला की काही नाही. डॉक्टरांनी नाव सांगितलं, रेटिनायटिस पिगमेंटोसा. आधी रात्रीची नजर जाते, मग कडेची, शेवटी नळीतून बघावं तसं मधलं तेवढं राहतं. माझं तेही गेलं. आता दिवा लागला की विझला एवढं समजतं.

नोकरी गेली नाही. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि त्याचा हुद्दाही खाली आणता येत नाही, हे १९९५ च्या कायद्यात होतं आणि २०१६ च्या कायद्यातही आहे. मला साइटवरून कार्यालयात बसवलं. पहिलं वर्ष मी नुसता बसलोच होतो. मग एका अंध शिक्षकांनी मला फोन शिकवला.

आता तो फोन कसा चालतो ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की आम्ही फोनशी बोलतो आणि तो कामं करतो. तसं नाही. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. दोन्ही २००९ पासून आहेत आणि तुमच्या खिशातल्या फोनमध्येही आत्ता असतील, वेगळे पैसे पडत नाहीत. ते चालू केलं की बोट उजवीकडे सरकवायचं, फोन पुढच्या गोष्टीचं नाव बोलतो. परत सरकवायचं, त्याच्या पुढची. हवी ती आली की दोनदा टकटक करायचं. बस. मी हे इतक्या वेगात ऐकतो की आमच्या घरात बायको म्हणते, शेजारी भांडण चाललंय असं वाटतं.

या फोनने मला पुष्कळ दिलं, ते आधी सांगायला हवं. पेपर मी स्वतः वाचतो. टपालाने आलेल्या कागदावर कॅमेरा धरला की छापलेला मजकूर तो वाचून दाखवतो. नोटांचंच घ्या. आताच्या १००, २०० आणि ५०० च्या नोटांची रुंदी एकच, ६६ मिलिमीटर, आणि लांबीत फक्त चार-चार मिलिमीटरचा फरक. ज्याने आयुष्यभर टेप धरली त्यालाही चार मिलिमीटर चिमटीत कळत नाहीत. कडेच्या उठावाच्या रेघा कोऱ्या नोटेवर लागतात, पण भाजीवाल्याकडून आलेल्या नोटेवर नाही. रिझर्व्ह बँकेने २०२० साली मणी नावाचं अ‍ॅप काढलं. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ते किंमत सांगतं, इंटरनेट नसलं तरी चालतं. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं.

मग अडतं कुठे? फोन जे नाव बोलतो ते त्याला कोणीतरी दिलेलं असतं. अ‍ॅप बनवणाऱ्याने बटणावर बाणाचं चित्र काढलं तर तुम्हाला ते पाहून कळतं की हे 'पाठवा'. मला कळण्यासाठी त्याने त्या चित्रामागे 'पाठवा' हा शब्द लिहून ठेवायला लागतो. बहुतेक वेळा एका ओळीचं काम. ते केलं नाही तर माझा फोन म्हणतो, "बटण, लेबल नाही." पुढचं? "बटण, लेबल नाही." त्याच्या पुढचं? तेच. एखाद्या बिल्डिंगच्या सगळ्या दारांवरच्या पाट्या काढून टाका आणि मग पाहुण्याला म्हणा, या, तिसऱ्या मजल्यावर डावीकडे. एका दारामागे देवघर आहे, एका दारामागे लिफ्टचा खड्डा.

आम्ही मग पाठांतर करतो. सहावं बटण पैसे पाठवायचं, सातवं रद्द करायचं. आणि एका रात्री अपडेट येतं. तुमच्यासाठी रंग बदलतो, कोपरे गोल होतात. माझ्यासाठी सहावं बटण नववं होतं, आणि काल ज्याला नाव होतं ते आज बिननावाचं. मला सर्वांत जास्त राग याचाच येतो. जे कधीच नव्हतं त्याची सवय होते. जे होतं, चालत होतं, ते न तपासता कोणीतरी मोडतं, तेव्हा झोप लागत नाही. आम्ही पूल दुरुस्त केला तर लोकांना सोडण्याआधी भार टाकून बघतो. इथे भार टाकून बघायला फक्त टॉकबॅक चालू करून डोळे मिटायचे आहेत, दहा मिनिटांसाठी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री आईसाठी औषधं घ्यायला मेडिकलवर गेलो. पैसे फोनवरून द्यायचे. रक्कम टाकली, पिनचं पान उघडलं आणि फोन गप्प. आदल्या दिवशी अपडेट आलं होतं. आकड्यांवर बोट फिरवतोय, काही बोलत नाही. मागे रांग. खिशात रोख नाही. शेवटी काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, "बेटा, तूच टाक," आणि त्याच्या कानाशी वाकून पिन सांगितला. मुलगा भला होता, एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. पण चाळिशी उलटलेला माणूस, घरचा कर्ता, भर दुकानात आपल्या खात्याची किल्ली अनोळखी पोराच्या कानात सांगतो, त्याला काय वाटत असेल ते बघा. घरी येऊन पिन बदलला. तोही मुलीकडून, कारण पान अजून मुकंच होतं. आता नवा पिन तिला माहीत आहे आणि तिच्या चॉकलेटच्या मागण्या वाढल्या आहेत.

त्या कंपनीला तक्रार लिहिली. उत्तर आलं की कृपया अडचणीचा स्क्रीनशॉट पाठवा. मी काढला आणि पाठवला. पान त्यात अगदी सुंदर दिसत होतं म्हणे. त्यांनी कळवलं, आम्हाला काही दोष आढळला नाही.

नोकरीतली गोष्ट यापेक्षा अवघड. आमच्याकडे हजेरी फोनवर लावायची पद्धत आली. चेहरा वर्तुळात आणा, वर्तुळ हिरवं झालं की डोळे मिचकवा. वर्तुळ कुठे आहे ते फोन सांगत नाही, हिरवं झालं तेही सांगत नाही. माझी बुबुळं एका जागी ठरत नाहीत, त्यामुळे मिचकावलं तरी यंत्राला पटत नाही. रोज सकाळी आमचे भृत्य माझ्यासमोर फोन धरतात, "साहेब, थोडं वर, थोडं डावीकडे," आणि येणारे-जाणारे बघतात. ते दोन दिवस रजेवर होते, तर मी जागेवर बसून काम करत असताना माझी गैरहजेरी लागली आणि दोन किरकोळ रजा कापल्या गेल्या. अर्ज दिला, तर उत्तर मिळालं की अ‍ॅपमध्ये तशी सोय नाही. सोय नाही हे मलाच तर सांगायचं होतं!

कायदा काय म्हणतो? २०१६ चा कायदा सांगतो की इलेक्ट्रॉनिक माध्यमातली माहिती आणि वस्तू आम्हाला वापरता आल्या पाहिजेत. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशीसारखे ठेवून भागणार नाही, किमान काही गोष्टी सक्तीच्या करा, आणि त्यासाठी केंद्राला तीन महिने दिले. मग ३० एप्रिल २०२५ चा निकाल आला. अ‍ॅसिड हल्ल्यात होरपळलेल्या व्यक्ती आणि अंध व्यक्ती यांच्या याचिका होत्या, विषय नेमका हाच, केवायसीसाठी डोळे मिचकवा. न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. त्या निकालाची प्रत मी पुन्हा केलेल्या अर्जाला जोडली आहे. अर्ज सध्या टेबलावर आहे, कोणाच्या ते अजून कळलेलं नाही.

मराठीचंही थोडं सांगतो. इंदूरमध्ये फोन घेतला की तो हिंदीत बोलायला लागतो. माझ्या पहिल्या फोनमधल्या त्या हिंदी बाईंना ळ झेपत नसे. आत्याचा मेसेज आला, "बाळ, कमळाबाई गेल्या", तर बाई वाचायच्या, "बाल, कमलाबाई". चमच्यातला च त्या चिवड्यातल्यासारखा म्हणायच्या. आता मराठी आवाज मिळतो. पण इंग्रजी, हिंदी, मराठी मिसळून लिहिलेला मेसेज, म्हणजे आपल्यापैकी सगळ्यांचेच मेसेज, वाचताना त्याची अजून तारांबळ होते. आणि कार्यालयातल्या जुन्या फायली कृतिदेवसारख्या फाँटमध्ये आहेत. तुम्हाला ती देवनागरी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं असतात, आणि माझा संगणक मला तीच वाचून दाखवतो. एकदा तासभर ऐकलं. परकी भाषा शिकल्यासारखं वाटलं, उपयोग शून्य.

हे सगळं कंपन्यांचं आणि सरकारचं झालं. आता थोडं आपलं.

गेल्या गणेशोत्सवात मंडळाने आमच्या शाळेच्या गणिताच्या बाईंचा सत्कार ठेवला होता. मला भूमिती त्यांनी शिकवली. मी चार शब्द बोलणार होतो, पाठ करून ठेवले होते. आदल्या रात्री कार्यक्रमाची वेळ बदलली आणि ग्रुपवर सूचना आली. सूचना म्हणजे फोटो, मोरपिशी पार्श्वभूमी, वळणदार अक्षरं. माझा फोन एवढंच बोलला, "फोटो." सण आहे, दिवसाला चाळीस फोटो येतात, मोदकाचे, मखराचे, मी पुढे गेलो. बायको माहेरी उज्जैनला होती. सात वाजता रिक्षाने इथे पोचलो तर खुर्च्या रचल्याचा आवाज. बाई सहा वाजताच घरी गेल्या होत्या. मार्चमध्ये त्या वारल्या.

मी कोणाला दोष देत नाही. फोटो करणाऱ्या मुलाने दोन तास मेहनत घेतली होती. पण फोटोच्या खाली तीच ओळ टाइप करायला अर्धा मिनिट लागलं असतं. आणि ही गरज माझ्या एकट्याची नाही. समोर जे काका-काकू मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेऊन बसले आहेत, त्यांनाही मोरपिशीवरचं सोनेरी वाचता येत नाही. ते फक्त बोलत नाहीत.

सचिवांना मी हे पाडव्याच्या आधी सांगितलं. ते म्हणाले, "अरे, आधी का नाही बोललास?" पाडव्याची सूचना आली ती फोटो आणि खाली टाइप केलेला मजकूर अशी. फोनने वाचली, "गुढीपूजन सकाळी साडेआठ वाजता." मी सव्वाआठला हजर. इथे कुलूप. साडेनऊ लिहायचं होतं, घाईत आठ झालं. सचिव धावत आले, माफी मागायला लागले. मी म्हटलं, अहो, राहू द्या, तुमची चूक मी माझी मी वाचली.