मोजे काढा, तळवा बघू



परिषदेच्या अध्यक्षाने नव्या औषधांवर बोलावं अशी अपेक्षा असते. ती उद्याच्या सत्रांत भरपूर आहेत. मी पायांवर बोलणार आहे, तेही न दुखणाऱ्या.

पॉल ब्रँड हे नाव इथल्या तरुण डॉक्टरांनी कदाचित ऐकलं नसेल. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेला हा इंग्रज मिशनऱ्यांचा मुलगा शल्यविशारद होऊन १९४६ मध्ये वेल्लोरला आला आणि कुष्ठरुग्णांचे हातपाय तपासू लागला. कुष्ठरोगाने बोटं आपोआप झडतात, असा तेव्हाचा समज. ब्रँडने दाखवलं की तसं नाही. वेदना कळत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो. रात्री उंदीर बोट कुरतडून जातो आणि झोपही मोडत नाही. यावर त्याने रुग्णांना मांजरं पाळायला दिली! १९६६ मध्ये तो अमेरिकेतल्या कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेला, आणि तिथे हेच ज्ञान मधुमेहींच्या बधिर पायांच्या कामी आलं.

त्यातला गाभा आपण अजून पुरता उचललेला नाही. तळव्याला क्षत पडलं की आपण रोजची मलमपट्टी आणि प्रतिजैविक लिहून देतो. रुग्ण त्याच पायाने चालत पट्टी करून घ्यायला येतो. भार तसाच राहिला तर मलम काय करणार? ब्रँडने पायाला घट्ट बसणारं प्लास्टर घालून भार पसरवला. रक्तपुरवठा ठीक असेल आणि जंतुसंसर्ग नसेल, तर अशी क्षतं काही आठवड्यांत भरून येतात. हे दोन ‘तर’ मात्र आधी तपासायचे.

कुष्ठरुग्णांसाठी घडवलेली मायक्रोसेल्युलर रबराची चप्पलही आपल्याकडे आली, पण कलंक घेऊन. ‘ही घालून लग्नाला कशी जाऊ?’ असं बाई विचारते, तेव्हा तिला व्याख्यान देऊ नये. ओळखीच्या मोच्याकडून तोच तळ टाचेला पट्टा असलेल्या चांगल्या सँडलमध्ये बसवून घ्यावा. अंगठ्याची स्लिपर मात्र नको. बधिर पायातून ती निसटते आणि कळतही नाही.

अनवाणी चालू नका, हे सांगायला सोपं आहे. आपल्याकडे घरात चप्पल घालत नाहीत, देवळात तर नाहीच. वैशाखातल्या देवळाच्या फरशीने भाजलेले तळवे तुम्हीही पाहिले असतील. अशा रुग्णांना पहाटेच्या दर्शनाला पाठवावं, जाड मोजे घालून. वारीला जाऊ नका म्हटलं तर रुग्ण जातोच, फक्त आपल्याला सांगत नाही. त्यापेक्षा बूट वापरून जा आणि प्रत्येक मुक्कामी शेजारच्या वारकऱ्याला तळवे बघायला सांगा, हे तो ऐकतो. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तिथूनही जंतू शिरतात. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या करायला सांगायचं. कुरूप ब्लेडने खरवडणं, कॉर्न कॅप चिकटवणं आणि मुंग्या येतात म्हणून गरम पाण्याने शेकणं, या तीन घरगुती उपायांबद्दल मात्र मी अजिबात मवाळ नाही. बंद झालेच पाहिजेत.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी मधुमेही असल्याचा अंदाज आहे. त्यांचे पाय बघायला विशेषज्ञ पुरणार नाहीत. ते काम तालुक्यातल्या जनरल प्रॅक्टिशनरचंच. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू, पावलावरची नाडी चाचपायला दोन बोटं आणि दोन मिनिटं, एवढंच लागतं. अडचण वेळेची आहे असं आपण म्हणतो. मला वाटतं, अडचण संकोचाची आहे. पेशंट डॉक्टरांसमोर पाय पुढे करायला लाजतो आणि आपणही ‘मोजे काढा’ म्हणत नाही.

म्हणून जेवणानंतरच्या सत्रात मी थोडा बदल केला आहे. प्रत्येक टेबलावर तंतू ठेवलेले आहेत. शेजाऱ्याचे तळवे तपासायचे, आपले तपासून घ्यायचे. या सभागृहात मधुमेही डॉक्टर कमी नाहीत, त्यांनी पहिल्या रांगेत बसावं. मीही तिथेच बसणार आहे.