अडलेला काटा



वडखळ नाक्यावरून अलिबागच्या रस्त्याला लागलं, की धरमतरचा पूल येतो. त्या खाडीच्या काठी आमचं गाव. मी तिथे शाळेत शिकवते. गावात एक भातगिरणी आहे आणि गिरणीच्या दारात पोती मोजायचा मोठा वजनकाटा आहे. काही वर्षांपूर्वी मी रोज सकाळी गिरणी उघडायच्या वेळी तिथे हजर असे. घरचा काटा खोटं बोलतो, अशी माझी खात्रीच झाली होती. गिरणीवाले दादा बिचारे काही न बोलता बाजूला होत. मी चपला काढून काट्यावर उभी राही. काटा दाखवी ८६. घरी येऊन बघितलं तर तिथेही ८६.

हा ८६ आकडा माझ्यापाशी अकरा महिने मुक्कामाला होता. आज मी त्याच अकरा महिन्यांविषयी बोलणार आहे.

माझं वजन ११८ किलो होतं, उंची पाच फूट एक इंच. मधुमेह होता. गुडघे असे, की शाळेचा जिना मी कठड्याला धरून आडवी चढत असे. रात्री झोपेत श्वास अडे. सगळे उपाय करून झाले होते. शेवटी २०२२च्या जानेवारीत मी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. तिला स्लीव्ह शस्त्रक्रिया म्हणतात. जठराचा मोठा भाग काढून टाकतात आणि शर्टाच्या बाहीसारखी एक अरुंद नळी ठेवतात. लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव त्यासाठी मोडली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढच्या सगळ्या घालमेलीचं मूळ त्या मोडलेल्या ठेवीत होतं.

पहिले आठ महिने सुखाचे गेले. दर आठवड्याला काटा खाली येई. ब्लाउज उसवून उसवून शिवायला जागा उरली नाही. सप्टेंबरात, ऐन गणपतीत, वजन ८६ झालं आणि तिथेच थांबलं. एक महिना गेला, दोन गेले, दिवाळी गेली. मी मनात ७०चा आकडा धरून बसले होते. शेजारच्या काकू एकदा सरळ म्हणाल्या, "गो, आपरेशन केलंस ना? मंग हायेस तेवरीच कशी?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ते वाक्य मला रात्रभर झोपू देईना. लेकीचे पैसे गेले, पोट कापून घेतलं आणि मी अर्ध्यातच नापास झाले, असं वाटू लागलं.

मग मी शहाणपणा सोडला. सकाळचा नाश्ता बंद केला, दुपारी दोन घास, रात्री नुसता चहा. घरात खोटं बोलत असे, की शाळेत खाल्लं. दीड-दोन महिन्यांत केसांचे पुंजके हातात यायला लागले. आणि एका दुपारी पेणच्या एस.टी. स्थानकावर उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्धीवर आले तेव्हा एक अनोळखी मावशी मला वारा घालत होत्या. काटा तरीही ८६वरच होता.

ही गोष्ट घडली नसती, तर मी डॉक्टरांकडे गेले नसते. गेले ते भांडायच्याच तयारीने. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, ७० हा आकडा कुणी ठरवला?" मी म्हटलं, "मीच. औषधाच्या दुकानातल्या तक्त्यावर बघून." त्यांनी कागदावर गणित मांडलं. ११८मधून ३२ किलो गेले, म्हणजे मूळ वजनाच्या २७ टक्के. अशा शस्त्रक्रियेनंतर साधारण पाव हिस्सा ते ३० टक्के वजन उतरणं हेच अपेक्षित असतं. म्हणजे ज्याला मी नापास होणं समजत होते, ते चांगल्या गुणांनी पास होणं होतं.

पण काटा अडतो का? त्याचं उत्तर मी शिक्षिकेच्या सवयीप्रमाणे समजून घेतलं आणि तुम्हालाही सांगते. समजा, तुम्ही ३२ किलोचं तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन धरमतरचा पूल चढत होतात. पोतं उतरवलं, तर तोच पूल चढायला कमी ताकद लागणार. शरीराचं तसंच होतं. ११८ किलोच्या देहाला दिवसभरात जेवढी ऊर्जा लागे, तेवढी ८६ किलोच्या देहाला लागत नाही. शिवाय शरीर कमी अन्नाला दुष्काळ समजतं आणि हिशेबापेक्षाही जास्त काटकसर करतं. अमेरिकेत मिनेसोटा इथे १९४४-४५ साली ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला होता. त्यांचं वजन सुमारे पाव हिस्सा घटलं. पण विश्रांतीच्या वेळी शरीर खर्च करतं ती ऊर्जा त्याहूनही जास्त प्रमाणात घटली. म्हणजे मी उपास करत होते तेव्हा माझं शरीर दिवे मालवून बसलं होतं, आणि पुरेशा प्रथिनांविना जे झडत होतं त्यात चरबीबरोबर स्नायूही होते.

दुसरी गोष्ट मला स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासातून कळली. १९८७पासून त्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के उरली होती. म्हणजे काटा थांबणं आणि नंतर थोडा वर सरकणं, हे सगळीकडचंच आहे. पण त्याच अभ्यासात २०२० साली असंही दिसलं, की शस्त्रक्रिया झालेली माणसं तेवढ्याच लठ्ठ असलेल्या, पण शस्त्रक्रिया न झालेल्या माणसांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगली. थांबलेल्या काट्यासकट जगली.

तेव्हा पहिलं काम म्हणजे घाबरायचं नाही. दुसरं काम, कारण शोधायचं. माझ्या रक्तात लोह कमी निघालं, ब-१२ कमी निघालं. गोळ्या मी आपल्या मनाने बंद केल्या होत्या. त्या आयुष्यभर घ्यायच्या असतात, हे मी विसरले होते. थायरॉइड तपासावं लागतं. इतर आजारांची काही औषधंही वजन धरून ठेवतात. ती डॉक्टरांना दाखवावीत, आपणहून बंद करू नयेत. वारंवार उलट्या होत असतील, पायांना मुंग्या येत असतील, तोल जात असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. तिथे काट्याची वाट बघत बसू नये.

मग आहारतज्ज्ञ बाईंनी मला सात दिवस खाल्लेलं सगळं वहीत लिहायला लावलं. "परीक्षेत कॉपी करायची नाही," अशी ताकीदही दिली. वही उघडली आणि मीच थक्क झाले. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. दहा चमचे म्हणजे ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० उष्मांक, तेही जेवणाच्या हिशेबात न धरलेले. वह्या तपासताना चिमूट चिमूट शेव. आणि रश्शात बुडवलेली मऊ तांदळाची भाकरी. लहान झालेल्या जठरातून मऊ, पातळ पदार्थ सहज सरकून जातात. पोट भरल्याची जाणीवच होत नाही. प्रथिनं मात्र दिवसाला जेमतेम ३० ग्रॅम. निदान ६० हवीत.

आपल्या भागात हे जमवणं अवघड नाही. शंभर ग्रॅम मासळीत सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. आमच्याकडे जिताडा आहे, कोलंबी आहे. मासे न खाणाऱ्यांना घट्ट वरण, वाल, पनीर, दही आहे. माझा नियम साधा झाला. ताटात आधी मासा किंवा उसळ, मग भाजी, आणि जागा उरली तर भात. जेवताना पाणी नाही. अर्ध्या तासाने घोट घोट. चहा दोनदा आणि बिनसाखरेचा. तो पहिल्या आठवड्यात काढ्यासारखा लागला, आता गोड चहा पिववत नाही.

व्यायामात मी नुसती चालत होते. त्यांनी सांगितलं, स्नायू राखायचे तर जोर लावायला हवा. पाण्याच्या लिटरच्या दोन बाटल्या हातात घेऊन वर-खाली करायच्या, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं. सुरुवातीला पाच वेळा उठले तरी मांड्या थरथरत. आता तीस वेळा उठते. चालायला मात्र पुलावर जात नाही, गाड्या फार. खारबंधाऱ्यावर जाते.

आता २०२५पासून टिर्झेपॅटाइड, सेमाग्लुटाइड यांसारखी भूक कमी करणारी इंजेक्शनं आपल्याकडेही मिळतात. शस्त्रक्रियेनंतर अडलेल्या काही रुग्णांना डॉक्टर ती देतात. महाग आहेत, सगळ्यांसाठी नाहीत. मैत्रिणीने घेतली म्हणून आपण घ्यावी, अशी ही वस्तू नव्हे.

या सगळ्यात माझ्या लेकीचाही वाटा आहे. एका सकाळी मी काट्यावर उभी राहिले तर आकडाच येईना. तिने काट्यातले सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले होते. मी चिडले तेव्हा म्हणाली, "आई, ठेव माझ्या नावाची होती ना? मग मी सांगते, ती फुकट नाही गेली. तू आता रात्री घोरत नाहीस. इन्शुलिन बंद झालं. जिना सरळ चढतेस. हे काट्यावर कुठे दिसतं?" मला बोलता आलं नाही. त्या दिवसापासून मी पंधरा दिवसांतून एकदाच वजन करते, आणि वहीत वजनाशेजारी कमरेचं माप, साखर आणि किती वेळा खुर्चीवरून उठले, हेही लिहिते.

आमची खारीची शेती. समुद्राचं पाणी अडवायला बांध घालतात. पण बांध घातला म्हणून पहिल्याच वर्षी भात पिकत नाही. मातीतला खार धुऊन निघायला काही पावसाळे जावे लागतात. वरून शेत तसंच दिसतं. आणि पुढेही खेकड्यांची बिळं बुजवावी लागतात, उधाणाला कुठे खांड जाते का, ते बघावं लागतं. माझे सासरे म्हणतात, बांध घालणं एका वर्षाचं काम, राखणं जन्माचं. शस्त्रक्रियेचं हेच आहे, हे मला जरा उशिरा कळलं.

तुमच्या घरात कुणी असं अडलं असेल, तर "अजून तेवढीच कशी?" असं विचारू नका. "आज जेवलीस का नीट?" असं विचारा.

माझं वजन किती, हे तुम्हाला विचारायचं असेल. त्या अकरा महिन्यांनंतर ते हळूहळू ८२ झालं. सत्तरच्या जवळपासही नाही. परवा भात घेऊन गिरणीवर गेले होते. गिरणीवाले दादा सवयीने काट्यापासून बाजूला झाले. मी म्हटलं, "दादा, मी नाही. आज पोती मोजा."

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)