पावसाळ्यांतील खानदेश : बिनहंगामी प्रवासाचे फायदे



प्रवासास केव्हां निघावें, हा प्रश्न आपण सहसा स्वतःला विचारीतच नाहीं. त्याचें उत्तर शाळेच्या वेळापत्रकानें आपल्या वतीनें केव्हांच देऊन ठेवलेलें असतें. मे महिन्याची सुट्टी लागली कीं निघावयाचें, दिवाळीची लागली कीं निघावयाचें, आणि नाताळांत चार दिवस मिळाले तर पुन्हां निघावयाचें. सारा महाराष्ट्र ह्या तीनच वेळां एकदम घराबाहेर पडतो. मग आगगाडींत जागा नाहीं, उतरण्याच्या ठिकाणीं खोली नाहीं, आणि ज्या स्थळासाठीं इतका खटाटोप केला तेथें पोंचल्यावर पुढच्या माणसाच्या पाठीखेरीज दुसरें कांहीं दिसत नाहीं. हंगाम ह्या शब्दाचा अर्थ पुष्कळदां 'गर्दीचा काळ' एवढाच असतो. 'त्या स्थळाचा उत्तम काळ' असा असतोच असें नाहीं.

आमच्या खानदेशापुरतें बोलावयाचें तर हा विरोध फारच ठळक आहे. मे महिन्यांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. शेतें उघडीं, नद्यांचीं पात्रें कोरडीं, आणि दुपारीं बारा ते चार रस्त्यावर चिटपांखरूं नसतें. नेमक्या त्याच महिन्यांत बाहेरगांवचीं कुटुंबें, म्हाताऱ्या आईवडिलांस आणि लहान मुलांस घेऊन, अजिंठ्याच्या तापलेल्या कातळावर चढउतार करीत असतात. तींच मंडळी श्रावणांत आलीं तर! परंतु श्रावणांत यावें असें सुचविलें कीं उत्तर ठरलेलें : "पावसांत कोठें जातां?"

ह्या शंकेचें पहिलें उत्तर भूगोल देतो. पाऊस म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें कोंकण किंवा महाबळेश्वर उभें राहतें. खानदेश सह्याद्रीच्या पलीकडे, पर्जन्यछायेंत आहे. येथें सरी येतात, तासा-दोन तासांनीं उघडतें, आणि पुढें दिवसभर मऊ ढगाळ उजेड राहतो. धुळ्याकडे तर पाऊस जळगांवाहूनहि कमी. म्हणजे पावसाचें सुख पुष्कळ आणि त्रास बेताचा, असा हा प्रदेश आहे. पस्तीस वर्षें मुलांना भूगोल शिकवितांना पर्जन्यछायेचा हा फायदा कोणत्याच पाठ्यपुस्तकांत मला आढळला नाहीं. तो आज आपणांस सांगतों.

दुसरें उत्तर इतिहासाचें आहे. अजिंठ्याचीं लेणीं आज संभाजीनगर जिल्ह्यांत मोडत असलीं तरी प्रवाशाची वाट बहुधा जळगांव स्टेशनावरूनच जाते; अंतर सुमारें ६० किलोमीटर. हीं लेणीं कोणासाठीं कोरलीं गेलीं? बौद्ध भिक्षूंना एरवीं सतत हिंडत राहण्याचा दंडक असे. परंतु आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने त्यांनीं एका जागीं राहून अध्ययन व ध्यान करावें असा नियम होता. त्यास वर्षावास म्हणतात, आणि विहारांच्या परंपरेचें मूळ त्या वर्षावासांत आहे. म्हणजे ज्या महिन्यांना आपण 'बिनहंगाम' म्हणतों, ते ह्या स्थळाचे मूळचे हंगामाचे महिने होत! वाघूर नदीला पाणी आलेलें, सात कुंडांवरून ती खालीं उड्या घेत असलेली, आणि घोड्याच्या नालाप्रमाणें वळलेला तो डोंगर हिरवा झालेला : हें दृश्य पाहिल्यावर हीच जागा कां निवडली, हें कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.

गुहेंत शिरल्यावर तर गर्दी नसण्याचें मोल अधिकच कळतें. आभाळ भरलेलें असलें म्हणजे आंत उजेड कमी पडतो, हें खरें. परंतु डोळे अंधाराला सरावण्यास पांच-दहा मिनिटें लागतातच, आणि हंगामाच्या गर्दींत तेवढीं मिनिटें आपणांस कोणी देत नाहीं. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीसमोर निवांत उभें राहावयास मिळालें, तर प्रथम काळपट दिसणाऱ्या भिंतींतून हळूहळू निळें कमळ, मुगुट, आणि त्या अर्धोन्मीलित दृष्टींतील करुणा उमटूं लागते.

येथें प्रश्न केवळ आपल्या सोयीचा नाहीं, त्या चित्रांच्या आयुष्याचाहि आहे. २८ एप्रिल १८१९ रोजीं जॉन स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्यास शिकारीच्या निमित्तानें हीं लेणीं दिसलीं. पुढें १८४४ पासून रॉबर्ट गिल ह्यानें वर्षानुवर्षें येथें राहून चित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्यें लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत जळून गेल्या. गिल १८७९ मध्यें वारला. त्याचें थडगें आमच्या भुसावळास आहे. १९२० ते १९२२ ह्या काळांत निजाम सरकारनें इटलीहून तज्ज्ञ आणवून चित्रांची डागडुजी करविली. परंतु त्या वेळीं लावलेला लाखेचा लेप कालांतरानें पिवळा-तपकिरी पडला. सांगावयाचें इतकेंच कीं, प्रतिकृती जळतात, उपायांचेहि अपाय होतात. मूळ चित्रें एकदां गेलीं कीं गेलीं. बंद गुहेंत शेंकडों माणसांच्या श्वासानें जो ओलावा व उष्णता सांचते ती त्या रंगांस अपायकारक आहे. सुट्टीच्या चार दिवसांत जाणारी झुंड वर्षभर विभागली गेली, तर त्या भिंतींवरचा भार तेवढा हलका होईल.

हें गणित एकट्या अजिंठ्याचें नव्हे. आफ्रिकेंत युगांडा, रवांडा आणि काँगो ह्या तीन देशांच्या डोंगराळ अरण्यांत पहाडी गोरिला राहतो; २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या गणनेप्रमाणें जगांत असे गोरिला अवघे १०६३. त्यांच्या एका कुटुंबास दिवसांतून एकदांच, जास्तींत जास्त आठ माणसांनीं, आणि तेंहि एकच तास भेटावयाचें, असा तेथील साधारण दंडक आहे. कोरड्या महिन्यांत परवाने मिळण्याची मारामार. मार्च ते मे ह्या पावसाळी महिन्यांत ते सहज मिळतात आणि राहण्याचा खर्चहि उतरतो. चिखल तुडवावा लागतो खरा, पण जंगल जंगलासारखें दिसतें. जें दुर्मिळ आहे तें थोड्यांनीं, थोडा वेळ आणि निरनिराळ्या वेळीं पाहावें, हा धडा गोरिलासहि लागू आणि पद्मपाणीसहि लागू.

आतां चाळीसगांवाकडे वळूं. तेथून सुमारें १८ किलोमीटरांवर, गौताळ्याच्या डोंगरकुशींत पाटणादेवीचें मंदिर आहे. येथील शिलालेखाचा शोध डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनीं लावला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं येथें मठ स्थापिल्याची नोंद त्यांत आहे, काळ इ. स. १२०७ च्या सुमाराचा. वयाच्या ३६ व्या वर्षीं 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिणाऱ्या गणितज्ञाच्या नांवाची शाळा ह्या अरण्यांत होती, ही गोष्ट मे महिन्याच्या पानगळींत खरी वाटत नाहीं. भाद्रपदांत, भोंवतालचे कडे पाण्यानें झरत असतां, सहज खरी वाटते.

आणि पाऊस थांबलाच नाहीं तर? तर धुळ्यास जावें. राजवाडे संशोधन मंडळांत जुनीं कागदपत्रें आहेत, आणि समर्थ वाग्देवता मंदिरांत समर्थ रामदासांच्या हातची वाल्मीकि-रामायणाची प्रत आहे. ह्या वास्तूंना छप्पर आहे. पाऊस तेथें अडचण न होतां निमित्त होतो. बाहेर उघडलें कीं आग्रा रस्त्यावरचा लळिंगचा किल्ला जवळच आहे.

ह्या दिवसांत माणसेंहि अधिक भेटतात. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारीं खानदेशांत घरोघर कानबाई बसते; दूरदेशीं गेलेले लेक-सुना त्यासाठीं घरीं येतात, आणि दुसऱ्या दिवशीं वाजतगाजत विसर्जन होतें. हें पाहावयास तिकीट नाहीं आणि सुट्टींत येणाऱ्यास तें कधींच दिसत नाहीं. शिवाय फर्दापुरचा चहावाला, वाटाड्या, रिक्षावाला ह्यांचें पोट बाराहि महिने असतें. मिळकत मात्र मोजक्या महिन्यांची. पावसाळ्यांत आलेला एक पाहुणा त्यांना सुट्टींतल्या दहांइतका मोलाचा वाटतो, आणि त्याच्याशीं बोलावयास त्यांना सवडहि असते.

आपल्या वडीलधाऱ्यांनीं चातुर्मासांत प्रवास वर्ज्य मानला, हें मी विसरलों नाहीं. नद्यांना पूल नव्हते, वाटा चिखलांत बुडत, पायाखालीं जीवजंतु मरत. त्या काळीं तें योग्यच होतें. तरी ह्याच जिल्ह्यांतून मुक्ताबाईची पालखी मुक्ताईनगराहून निघून महिनाभर चालत आषाढीस पंढरपूर गांठते, आणि वारकरी पहिल्या पावसास भिऊन मागें फिरत नाहीं.

मात्र धोका नाहीं असें मी म्हणणार नाहीं. ३१ ऑगस्ट २०२१ रोजीं चाळीसगांव परिसरांत महापूर आला आणि कन्नड घाटांत दरडी कोसळून वाट बंद पडली. म्हणून चार नियम पाळावे. हवामानखात्याचा इशारा ऐकून निघावें, आणि जोराच्या पावसांत घाट चढूं नये. धबधब्याच्या कुंडांत उतरूं नये. वर डोंगरांत पडलेला पाऊस खालच्याला दिसत नाहीं. अभयारण्यांत जावयाचें तर वनखात्याकडे आधीं चौकशी करावी, कारण व्याघ्रप्रकल्पांचे गाभ्याचे भाग पावसाळ्यांत बंद असतात. आणि अजिंठा सोमवारीं बंद असतो, हें तिथीसारखें लक्षांत ठेवावें. कार्यक्रमांत एक दिवस मोकळा सोडला, म्हणजे पावसाशीं भांडण्याची वेळ येत नाहीं.

ज्यांचीं मुलें शाळेंत आहेत त्यांना सुट्टीवांचून गत्यंतर नाहीं. त्यांना माझा दोष नाहीं. माझें सांगणें मुख्यतः माझ्या वयाच्या मंडळींस आहे. शाळेची घंटा आपल्यासाठीं वाजण्याची बंद होऊन वर्षें झालीं, तरी आपण तिच्याच तालावर तिकिटें काढतों. आपण श्रावणांत निघालों, तर मे महिन्यांतली एक जागा एखाद्या शाळकरी मुलास मोकळी होईल, आणि आपल्या गुडघ्यांनाहि उन्हाचा जाच होणार नाहीं. छत्री, न घसरणारीं पायताणें आणि थोडा धीर, एवढें सामान पुरे आहे. खानदेश आपली वाट पाहत आहे.