संदेशाला तारीख, देणगीला हिशेब



आमच्या विट्याकडची पुष्कळ मंडळी गलाईच्या धंद्यासाठी देशभरच्या शहरांत विखुरलेली आहेत. सोने समोर आले म्हणजे गलाईवाला त्याच्या चकाकीला भुलत नाही. तो ते मुशीत घालतो, हीण वेगळे काढतो आणि मगच मोल सांगतो. सेवाभावी संस्थांच्या हाती आज मोबाईल आला आहे. त्यावरून जे धाडले जाते, तेही असेच मुशीतून काढावयास हवे, असे मला वाटते. का, ते सांगतो.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फुटांची. पाणी 57 फुटांवर गेले. पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांतील गावेच्या गावे पाण्याने वेढली. विटा उंचावर, म्हणून आम्ही कोरडे राहिलो. कुणीतरी व्हॉट्सॲपवर मजकूर टाकला, ‘अमक्या गावात लोक उपाशी आहेत, भाकरी पाठवा.’ तासाभरात तो शेकडो मैलांवरच्या गलाई बांधवांनी वाचला आणि पैसेही पाठवले. इकडे घरोघरी तवे तापले. पूर्वी तारेनेसुद्धा हे इतक्या झटपट झाले नसते.

भाकऱ्यांचा टेंपो घेऊन आम्ही निघालो. त्या गावाच्या वेशीवर आधीच तीन गाड्या उभ्या! ओट्यावर बसलेली एक आजी म्हणाली, “मास्तर, परवा यायचं हुतं. आता समदी मानसं छावणीत गेल्याती.” तो मजकूर तीन दिवसांपूर्वीचा होता. आडबाजूच्या एका वस्तीवर त्या दिवशी कुणीच पोचले नव्हते, हे आम्हांला संध्याकाळी कळले. तोवर निम्म्या भाकऱ्यांना वास सुटला होता.

मजकूर खोटा नव्हता, शिळा होता. आणि तो पुढे धाडणाऱ्यांत मीही होतो.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. मदतीच्या संदेशावर तारीख आणि वेळ हवी. गावाबरोबर तालुका हवा, कारण एका नावाची गावे अनेक असतात. काय हवे ते लिहावे, तसे काय नको तेही लिहावे. जुन्या कपड्यांचे ढीग उपसण्यात स्वयंसेवकांचा दिवस जातो. मजकुराची खात्री कुणी केली, ते कळले पाहिजे. आणि गरज भागली की ‘आता पाठवू नका’ असा दुसरा संदेश तितक्याच तत्परतेने धाडावा. पहिला संदेश सगळेच पाठवतात, हा दुसरा बहुधा राहून जातो.

आता हिशेबाकडे वळू. आपल्याकडे 1950 पासून सार्वजनिक न्यासांचा कायदा आहे. नोंदलेल्या न्यासाला जमाखर्च ठेवावा लागतो, तपासून घ्यावा लागतो. पण तो कागद कचेरीतल्या फायलीत राहिला, तर शंभर रुपये देणाऱ्या मजुराला त्याचा काय उपयोग? जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, एवढे तीन आकडे आणि पावत्यांची छायाचित्रे त्याच मोबाईलवर टाकावयास दहा मिनिटे लागतात. मागताना मोबाईल हाती घेतला, तर सांगताना तो खिशात का ठेवावा?

मात्र हिशेब उघडा करावा, माणूस उघडा करू नये. घोंगडे घेणाऱ्या म्हाताऱ्याचे तोंड छायाचित्रात कशाला? घोंगड्यांची संख्या पुरे.

हे मोबाईलमुळेच सुचले असे नाही हो. आमच्याच खानापूर तालुक्यात, येरळेच्या काठी, 1980 च्या दशकात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण उभारले. तेव्हा कुणाच्या खिशात मोबाईल नव्हता. गावकऱ्यांनी श्रम दिले, बाहेरच्या हितचिंतकांनी हातभार लावला. पाण्याचा वाटा भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला मिळावा, हे तत्त्व लोकांनी चर्चा करून ठरवले. कुणाला काय मिळणार हे सर्वांपुढे बोलले गेले, म्हणून माणसे उन्हातान्हात राबली. आजच्या संस्थांनी मोबाईलवरून जे करावयाचे, ते हेच. फरक इतकाच, की आता ऐकणारा पारावर नसून हजार मैलांवर भट्टीपाशी बसलेला असतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हांला एक विनंती. गावातल्या मंडळाचा गणपतीचा किंवा जत्रेचा जमाखर्च यंदा आठवी-नववीच्या मुलांकडून फळ्यावर मांडून घ्या. मंडळाच्या संमतीने त्याचे छायाचित्र गावाच्या गटावर टाका. बेरीज चुकली तर गाव चूक दाखवील, दाखवू द्या. आणि खाली मुलांकडून तारीख लिहून घ्यायला विसरू नका. वेशीवरच्या त्या आजीचे एवढे ऋण तरी आपण फेडू या.